नव्या ताडपत्रीखाली

पोरगी रडायची थांबली.

तोवर मला वाटत होतं, रडणंच वाईट. धुळं सोडल्यापासून ती किंचाळत होती, मी पदरानं वारा घालत होते, मांडी हलवत होते, आणि मग ती एकदम गप. मला आधी बरं वाटलं. देवाशपथ बरं वाटलं. म्हटलं, झोपली एकदाची. मग हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि मान जिकडे वळवावी तिकडे पडायची. डोळे अर्धे उघडे. पाच महिन्यांची पोर. मी हाक मारली, गालावर चापटी मारली, पाणी शिंपडावं म्हणून तांब्या उचलला तर तांब्यातलं पाणीसुद्धा अंघोळीला काढल्यासारखं गरम. डोक्यावर काळी ताडपत्री, चारी बाजूंनी दोरानं आवळलेली, गाठी सगळ्या बाहेरून. आत मी, माझी पोर, मांडवासाठी घेतलेले केळीचे खांब, केळीचे घड आणि आहेराची गाठोडी. पुढे गाडी हाकणारे माझे मालक आणि त्यांच्या शेजारी माझे सासरे. आणि सासऱ्यांपुढे सुनेनं आवाज काढायचा नाही.

ही ताडपत्री कशी आली ते सांगते. सांगताना अजून डोक्यात तिडीक जाते, पण सांगते.

लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक ह्यांनी घेतली. पुढे दोन माणसं बसतील एवढी जागा आणि मागे उघडा हौदा. हौद्यावर लोखंडी कमानी होत्या, पण कमानींवरचं कापड पार चिंध्या झालेलं. ह्यांचा बेत चांगला होता. सावद्याहून केळी आणायची, अमळनेरला कापूस टाकायचा, बैलांना दोन दिवस लागतात ते एका दिवसात करायचं. फक्त वर काय घालायचं एवढाच प्रश्न. एवढाच! ह्या एवढ्याशा प्रश्नानं आमच्या घरात महिनाभर कुणी सुखानं जेवलं नाही.

सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणतो. आबांचं एकच, घोंगडी. चार घोंगड्या जोडून शिवायच्या आणि कमानींवर टाकायच्या. "घोंगडी ऊन खास, पानी खास, हिव खास. मन्हा बापनी जलमभर घोंगडीच पांघरी." खास म्हणजे खाते, घोंगडी सगळं स्वतः खाते, आत येऊ देत नाही.

हे म्हणायचे, "आबा, तुमना बाप काय मोटार व्हता का?"

की आबा जेवणाच्या ताटावरून उठायचे.

मग सुतार आला. त्यानं हौदा मापला, चहा प्याला, फळ्यांचं झाकण करून देतो म्हणाला. सासूबाई आतून म्हणाल्या, "भरेल गाडीनं झाकन उघाडाले चार मानसे लागतीन. ती बी तूच देशी का?" सुतार गेला. मग हे जळगावला जाऊन दुकानातून नमुने घेऊन आले. एक मेणकापडाचा तुकडा, एक जाड कॅनव्हासचा, एक डांबर फासलेल्या ताडपत्रीचा. ते तीन तुकडे आमच्या ओट्यावर आठ दिवस पडलेले. येणारा जाणारा उचलून बघणार. कुणी दातानं ओढून बघितला, कुणी खोलगट करून त्यात पाणी भरलं, आबांनी एकाची कड चिलमीच्या निखाऱ्यानं जाळून बघितली. ज्याच्या बैलगाडीला धड चाक नाही तोसुद्धा अर्धा तास बोलून जायचा. गावात अक्कल सांगायचं राहिलं असं एकच माणूस होतं, ते मी. मी चुलीपाशी भाकरी थापत होते.

एकदा दुपारी ओट्यावर कुणी नव्हतं तेव्हा मी तो डांबरी तुकडा उचलला आणि तोंडाला लावून फुंकर मारली. फुंकर परत माझ्याच तोंडावर आली. तिकडच्या बाजूला हात धरला होता, त्याला काहीच लागलं नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ह्यामातून वारा जात नही."

त्या शेंगा फोडत होत्या. वरसुद्धा बघितलं नाही. "वारा कसाले जावाले पाहिजे? कापूसले काय नाक शे का?"

झालं. दुसऱ्या दिवशी हे जळगावहून डांबरी ताडपत्रीच घेऊन आले. पाण्याचा थेंब जाणार नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं. सगळ्या गावासमोर ओट्याखाली पसरून ह्यांनी वर घागर ओतली. खरंच थेंब गेला नाही. लोक वा वा म्हणाले. आबा घरात जाऊन बसले.

आणि मग माझ्या भावाचं लग्न ठरलं. सोनगीरला, माझ्या माहेरी, भर वैशाखात. नवी गाडी, नवी ताडपत्री, सोयऱ्यांना दाखवायचा असा मोका परत कधी येणार? सासूबाई म्हशीसाठी घरी राहिल्या. पुढे आबा आणि हे. सासऱ्यांना मांडी लावून सुनेनं बसायचं नसतं, म्हणजे मी मागे हौद्यात.

उन्हाच्या आत पोचायचं म्हणून मी पहाटे उठून दशम्या केल्या. पण ह्यांना ताडपत्री बांधायला ऊन डोक्यावर येईतो वेळ लागला. ह्यांच्या हाताला कापसाची गाडी बांधायची सवय. कापूस कसा बांधतात? दोर असा आवळायचा की वाऱ्यानं एक पुंजका उडू नये. तसंच मला बांधलं. बाजू आवळल्या, मग मागचा पडदा खाली सोडला आणि त्यालाही दोर घालू लागले.

आबा समोर उभे होते, मग ह्यांच्याशी थेट कसं बोलायचं? आमच्यात अशा वेळी कडेवरच्या लेकराशी बोलतात. मी पोरीकडे बघून म्हटलं, "बाय, तुन्हा बाबाले सांग, मांगलं उघडं ठेवा."

हे पोरीला म्हणाले, "बाय, तुन्ही मायले सांग, आग्रा रोडनी धूळ तोंडमा जाई."

आबा म्हणाले, "आन सोयऱ्यांना दारशी जातांना गाडी कशी, नवरीनागत दिसाले पाहिजे." महिनाभर एकमेकांचं तोंड न बघणारे बापलेक नेमके इथं एक झाले.

पडदा पुरा आवळायच्या आधी ह्यांनी पुढची बैठक आणि हौदा यांमधल्या फळीकडे बोट दाखवलं. काही लागलं तर इथं थाप मार म्हणाले.

धुळ्यापर्यंत कसं गेलं ते मला विचारू नका. डांबराचा वास, वर केळीच्या ओल्या पानांची वाफ. आमच्याकडे केळीचे घड पिकवायला खोली बंद करून धूर देतात, आत माणूस दोन क्षण थांबू शकत नाही. ही तशी खोली, फक्त चाकं लावलेली. धुळ्यात गाडी थांबली तेव्हा वाटलं, आता सोडतील. ह्यांनी बाहेरून विचारलं, "बरं शे ना?" मी पोरीला म्हटलं, "बाय, गरम व्हई ऱ्हायनं." आबांचा आवाज आला, "आते काय, उनंच सोनगीर." आलंच म्हणे. आणि गाडी निघाली.

आणि मग ती गप झाली.

मी फळीवर थाप मारली. दोन्ही हातांनी मारली. त्या गाडीचं सगळंच वाजत होतं, दारं, कमानी, चाकाखालची खडी, त्यात माझी थाप कोण ऐकतो. मागाहून कळलं, आबा ह्यांना म्हणाले होते, "घड हालतस वाटतं."

जिच्या तोंडून बोलायचं तीच गप झाली होती. मग मी 'अहो' म्हटलं. मग 'आबा' म्हटलं, मोठ्यानं. मग ह्यांचं नाव घेतलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, आणि तेव्हा खाली मान घालून. आता घसा फाटेतो घेतलं, दोनदा, तीनदा. गाडी चाललीच.

खांबांजवळ कोयता होता, मांडवात खांब उतरवल्यावर छाटायला घेतलेला. मी पोरीला गाठोड्यावर ठेवलं आणि कोयता वर मारला. ताडपत्रीवरून तो सटकला. अशी चिवट वस्तू निवडली होती माझ्या घरच्यांनी! तेव्हासुद्धा मला राग आला, रडू नाही. मग मी कोयत्याचं टोक खुपसलं, दोन्ही हातांनी धरून त्याला लोंबकळले, आणि ती फाटली. वीतभर. मग हातभर. वारा आत आला, आणि त्या वाऱ्यानं पुढचं काम केलं. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला, ताडपत्री कमानीपासून मागेपर्यंत उलगडत गेली आणि काळी जीभ बाहेर काढावी तशी वर फडफडायला लागली.

ते ऐकू गेलं. गाडी थांबली.

हे उतरले, वर बघितलं आणि म्हणाले, "ताडपत्री!"

मी पोरीला त्यांच्या तोंडासमोर धरलं. मग त्यांनी तिला बघितलं. मग त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही, तेवढं त्यांचं राहू द्या.

रस्त्याला लागून मळा होता, मोट चालू होती. मी हौद्यातून उडी टाकली, पदर कुठे होता मला माहीत नाही. मोटेपाशी एक म्हातारी अक्का कांदे भरत होती. तिनं पोरगी माझ्या हातातून घेतली, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात तिचे पाय सोडले, ओलं फडकं डोक्यावर टाकलं आणि एक कांदा दगडावर फोडून नाकाशी धरला. मग रस्त्यावरची केळीची पानं लादलेली गाडी बघून म्हणाली, "माय वं! पोरले भट्टीमा पिकाडं का तुम्ही?"

काही होईना. मी तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते, तो हलतो का. आणि मागे काय चाललं होतं माहीत आहे?

"मी सांगं व्हतं, घोंगडी ल्या."

"घोंगडीमा बी गरमच व्हतं, आबा."

"घोंगडीमातून वारा येस!"

"आन पानी बी येस!"

"वैशाखमा पानी?"

पोरगी शिंकली. मग एकदा श्वास आत ओढला आणि जी रडली, की मोटेचे बैल बिचकले. अक्का हसली. मी तिथंच चिखलात बसले. आणि बसल्या बसल्या मागे वळून, डोक्यावर पदर नाही, सासरे समोर, मी म्हटलं, "आते बस करा! दोन्ही जन!"

मोटेचं पाणी तेवढं वाजत होतं.

पोरगी प्यायला लागली तेव्हा आम्ही निघालो. गाडीपाशी आल्यावर आबा पुढे चढले नाहीत. मागे गेले, स्वतः कमरेचा चाकू काढून उरलेले दोर कापले, धोतर सावरून हौद्यात चढले आणि केळीच्या पानांवर बसले. मग पोरीकडे बघून म्हणाले, "बाय, तुन्ही मायले सांग, पुढे बठ."

मी पुढे बसले. मालकाच्या शेजारी, दिवसाढवळ्या, आग्रा रोडवर. सोनगीरची तांबटआळी ठणठण वाजायला लागेतो मी तशीच पुढे बसले होते.

मांडवात सगळ्यांनी विचारलं, अरेरे, नव्या ताडपत्रीला काय झालं? हे म्हणाले, बाभळीची फांदी लागली. आबांनी मान डोलावली. लोक हळहळले. माझा भाऊ नवरदेव, तोसुद्धा बाशिंग बांधून बाहेर येऊन फाटलेलं बघून गेला. माझ्या पोरीच्या डोक्यावर ओलं फडकं का, ते फक्त माझ्या आईनं विचारलं.

आज ती पोरगी रांगतेय. आभाळ यायला लागलंय. सकाळी ह्यांनी माझ्यापुढे दाभण, सुतळी आणि डांबराचा डबा आणून ठेवला. पाऊस यायच्या आत शिवून टाक म्हणाले, वरून डांबराचा हात मार, थेंब आत जाता कामा नये. आठ दिवसांनी नणंदेला सावद्याहून आणायला जायचं आहे. पुढे हे आणि आबा. आबा पुढेच बसणार, त्यांची कंबर त्या दिवसापासून दुखतेय. मागे मी आणि पोर.

मी म्हटलं, मधे हातभर जागा उघडी ठेवते, वर झापड शिवते, लागेल तेव्हा उचलता येईल. हे म्हणाले, मग तिथूनच पाणी येणार. आबा ओट्यावरून म्हणाले, घोंगडी. आणि दोघांचं परत सुरू झालं, ते अजून चाललंय. मला ऐकू येतंय.

दाभण माझ्या हातात आहे. सगळं शिवून टाकलं तर घरात शांतता. नाही शिवलं तर कापूस भिजणार, आणि तो भिजला की बोट माझ्याकडेच. कोयता मी आधीच गाठोड्यात घालून ठेवलाय, ते कुणाला माहीत नाही.

बायांनो, त्या दिवशी तुम्ही कापली असती का? आणि आज, तुम्ही शिवली असती का?