भोपळ्यावरची सही

अकोल्याच्या कचेरीच्या भिंतीला टेकून तानुबाई वीस वर्षं भाजी विकत होती. त्या टोपलीच्या जिवावर तिचा सहदेव नागपूरला राज्यकारभाराचा विषय घेऊन एम.ए. झाला आणि परवाच ह्याच कचेरीत नायब तहसीलदार म्हणून रुजू झाला. दिवाळीला घरी आला होता, तेव्हा त्याने वेलावरच्या कोवळ्या भोपळ्यावर बाभळीच्या काट्याने सही कोरली. भोपळा वाढला तशी सहीही वाढली. तानुबाई तो टोपलीत मिरवायची, पण विकायची नाही.

आज नबी चपराशी नोटीस घेऊन आला. "तानुबाई, तीन दिवसांत भिंतीजवळची सारी दुकानं उठवा लागतीन."

"कोन्या मुडद्याचा हुकूम?"

तिने कागद हिसकला. वाचता कुठे येत होतं तिला? पण खालच्या सहीची ती लांब शेपटी ओळखीची होती. तिने कागद भोपळ्याशेजारी धरला. शेपटीला शेपटी जुळली.

तिने भोपळा उचलून नबीच्या हातात दिला.

"सायबाले नेऊन दे. म्हनाव, हा ठेवाले आता मायजवळ जागा नाई राह्यली."