व्हॉल्व्हअप्पांचा डावा हात

उदगीरला मला बघायला आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी डावा हात खिशातून एकदाही बाहेर काढला नाही. पोहे उजव्या हातानं खाल्ले, पाणी उजव्या हातानं प्यायले आणि निघताना नमस्कारही एकाच हातानं केला. मंडळी गेल्यावर आई काळजीत पडली. त्या हाताला काही व्यंग असावं आणि ते मुलात उतरलेलं असावं, अशी तिची शंका होती. लग्न ठरेपर्यंत माझ्या मामांनी त्यांच्या गावी, हुलसूरला जाऊन दोनदा चौकशी केली.

हात धडधाकट होता. हुलसूरमध्ये त्यांना सगळे व्हॉल्व्हअप्पा म्हणत. व्हॉल्व्हचे, म्हणजे आत लाल तार पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचे जुने अ‍ॅम्प्लिफायर ते दुरुस्त करत. भजनी मंडळं, जुने मंडपवाले आणि अलीकडे हैदराबादचे काही हौशी लोकही त्यांच्याकडे यायचे. त्या मशीनमध्ये घरातल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त दाब असतो. दोन्ही हात आत घातले, तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जातो. म्हणून डावा खिशात. आयुष्यभर तसं काम करून त्यांना ती सवयच जडली होती. झोपतानाही हात सदऱ्याच्या खिशात असायचा.

नव्या मशीनबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "चिपचं मशीन बोलतंय, पण त्याला गळा न्हाई," असं ते म्हणत. त्यांचे सगळे विचार अ‍ॅम्प्लिफायरमधूनच निघायचे. मी घरात नवी असताना एकदा सासूबाई माझ्यावर रागावल्या आणि मग दिवसभर गप्प राहिल्या. संध्याकाळी मला वाटलं, निवळलं. मी बोलायला निघाले, तर अप्पांनी मला ओसरीवरच थांबवलं. "बंद दिसतंय म्हणून हात लावू नको. आत करंट साठलेला असतोय," ते म्हणाले. मी ऐकलं नाही. त्यानंतर मात्र त्यांचं ऐकत गेले.

तीन वर्षांपूर्वी अप्पा बसस्टँडवर चक्कर येऊन पडले. बिदरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाचे ठोके मधेच थांबतात, छातीत पेसमेकर बसवावा लागेल. अप्पांनी विचारलं, त्यात काय असतं? चिप असते म्हटल्यावर ते खाटेवरून उठून चपला घालू लागले. "जन्मभर ज्याला शिव्या घातल्या, ते छातीत बसवून घेऊ व्हय?" सासूबाई रडल्या, नवऱ्यानं समजावलं, मी हात जोडले. अप्पा ऐकेनात. शेवटी डॉक्टर पुन्हा आले. त्यांना अप्पांचा धंदा ठाऊक नव्हता. म्हातारा घाबरलाय असं समजून ते धीर द्यायला कन्नडमध्ये म्हणाले, "अप्पा, काळजी करू नका, तुमचे व्हॉल्व्ह एकदम चांगले आहेत."

अप्पा खाटेवर बसले. त्यांनी चपला काढल्या. खरंच का, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि ऑपरेशनला हो म्हणाले. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट ऐकावी लागली. "चिप नुसती मदतीला हाय. व्हॉल्व्ह ओरिजिनल हायत."

पण डॉक्टरांनी उघड्या मशीनला हात लावायची बंदी घातली. अप्पा दुरुस्तीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसू लागले, आणि आत त्यांनी मला बसवलं. माझा नवरा साखर कारखान्यावर नोकरीला. त्याला घरातला फ्यूज बदलायचीही भीती. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेले. पहिल्याच दिवशी अप्पा म्हणाले, "डावा हात खिशात." साडीला खिसा नसतो, मी म्हटलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि स्वतःचा जुना सदरा मला साडीवरून घालायला लावला. सून सोयाबीन काढायला निघाल्यासारखी दिसते, असं सासूबाई म्हणाल्या.

मी हळूहळू शिकले. त्याच दिवसांत कोहिनूर गावच्या भजनी मंडळाचे शरणप्पा त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा आणून ठेवून गेले. तो तापला की करकर करायचा. अप्पांनी त्याच्या नळ्या बदलल्या होत्या, कपॅसिटर बदलले होते, आणि शेवटी कोहिनूरची वीजच खराब आहे असं शरणप्पांना ठणकावून सांगितलं होतं. मी मशीन तापू दिलं आणि बांबूच्या कोरड्या काडीनं एकेक जोड हलकेच दाबत गेले. एका ठिकाणी करकर झाली. तिथलं डाग दिलेलं शिसं चमकत नव्हतं, राखेसारखं दिसत होतं. जोड कच्चा होता. आणि त्याच्या टोकाला तारेची बारीक शेपटी ठेवलेली होती. तशी शेपटी फक्त अप्पाच ठेवत.

सांगावं की गुपचूप डाग देऊन मोकळं व्हावं? या माणसाला पेसमेकर परवडला होता, हे परवडेल का?

"कामून थांबलीस?" अप्पांनी बाहेरून विचारलं.

मी मशीन बंद केलं, साठलेला करंट उतरवला आणि ते उंबऱ्यावर नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "ही शेपटी माझीच हाय," एवढंच म्हणाले. आलेला चहा प्यायले, चपला घातल्या आणि निघून गेले. दुपार टळली तरी परत येईनात. मी नवऱ्याला फोन केला. तो शोधायला निघाला, तर अप्पा बसस्टँडवरच्या हॉटेलात सापडले. कमलनगरच्या गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी लोकांना ते सांगत होते, की माझ्या सुनेनं माझी चूक काढली, आजवर कुणाला जमलं न्हाई.

त्यानंतर त्यांना दुसरा विषय उरला नाही. मागच्या हिवाळ्यात दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला तीच हकिकत ऐकवली. कमलनगरच्या मंडपवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे मी माहेरी होते आणि फोनवर आवाज ऐकून जोड सांगितला होता. मशीन ज्यांचं, त्या शरणप्पांना अप्पांनी सांगितलं होतं की मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते आणि तिथूनच ओळखलं. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

सासूबाई मात्र जोड सापडला त्या दिवशी माझ्यासमोर बसून तूर निवडत होत्या. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. शरणप्पांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, खरं का अक्का?

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "भाकर तव्यावर होती. करपू दिली न्हाई."