आत्याचं चाक

कार्डाचा कोपरा फाडलेला होता. भिंगारच्या आमच्या शाळेत पोस्टमन मधल्या सुट्टीत येतो आणि घोटभर चहा घेऊन जातो. त्या दिवशी त्याने कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि चहा न घेताच तो गेला, तेव्हाच काय ते कळलं. कार्ड माझ्या थोरल्या भावाचं होतं, मुंबईहून. अनसाआत्या गेली. आमच्या वडिलांची धाकटी बहीण. दादाने लिहिलं होतं, 'शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. सर्व काही यथासांग पार पडले. येण्याची घाई करू नये.' तार केली असती तर मला तिचं तोंड तरी बघायला मिळालं असतं. पण तार करायची तर पोस्टापर्यंत चालत जावं लागतं, आणि दादाच्या घरात कुठे जायचं, काही आणायचं म्हटलं की ते आत्याचं काम असे. आता ती नव्हती, तर कोण जाणार!

तेराव्याला मी गेले. दादरच्या त्या दोन खोल्यांत आत्याच्या फोटोला हार घातला होता. फोटोही तिचा एकटीचा कुणी कधी काढलेला नव्हता. लग्नातल्या एका घोळक्यातून तिला कापून मोठी केली होती आणि तिच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी दोन बोटं तशीच राहिली होती. दादाने चारचौघांसमोर डोळे पुसले. आत्या म्हणजे त्यागमूर्ती, असं तो म्हणाला. मला ते ऐकवेना. मी उठून आत गेले. त्याग करायचा तर माणसाला आधी विचारावं लागतं, बाई गं, तू देतेस का म्हणून… आत्याला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. हे मी तेव्हा बोलले नाही. आता छापून बोलते आहे, आणि दादाच्या घरी वर्तमानपत्राची ही पुरवणी येते हे मला ठाऊक आहे.

पारनेर तालुक्यातल्या कोरडवाहू घरातली ही मुलगी सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं करून भावाकडे भिंगारला आली. आमचे वडील तिथे मिलिटरीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. आमची आजी अंथरुणाला खिळली आणि चार वर्षं तशीच होती, तिचं सगळं आत्याने केलं. आजी गेली तेव्हा आंघोळ घालणाऱ्या बायकांनी पाहिलं की पाठीवर एक ओरखडा नाही. झालं, ही कीर्ती नात्यात पसरली आणि कार्डं यायला लागली. पुण्याच्या मामींना अर्धांगवायू झालाय, आत्याला पाठवून द्या. मुंबईच्या काकांना उठवत नाही, आत्याला पाठवून द्या. बाजरीचं पोतं मागवावं तसं. खेड्यात म्हातारं माणूस ओसरीवर पडलेलं असतं, येणारा-जाणारा निदान पाणी तरी विचारतो. शहरात नऊला सगळे ऑफिसला जातात आणि दाराला कडी लागते. त्या कडीच्या आत बसायला, जिला स्वतःचं घर नाही अशी कुणीतरी लागते. मोठमोठ्या शहरांत म्हातारी माणसं कुणाच्या जिवावर जगतात हे कुणी लिहीत नाही. मी लिहिते. अशा आत्यांच्या जिवावर.

तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आणि एक रबरी चाक असे. चाक म्हणजे हवा भरायची गोल रिंग, अंथरुणातल्या माणसाच्या कमरेखाली ठेवतात ती. भिंगारच्या बाजारात मिलिटरीचा जुना माल येतो, त्यातून तिने ती कधीतरी उचलली होती. पिवळ्या बुचाची. तोंडाने फुगवायची. ती गाल फुगवून बसली की आम्ही मुलं हसायचो आणि ती फुगवता फुगवताच पायाने लाथ मारायची. ती काही गोड बाई नव्हती. मिश्री लावायची, रोग्यांवर खेकसायची, आलेल्या पाहुण्याने आणलेलं चांगलं फळ आधी स्वतः खायची. पण दर दोन तासांनी कूस बदलणं तिने कधी चुकवलं नाही. भिंगारला कॅम्पातल्या घंटेवर, मुंबईला गिरणीच्या भोंग्यावर. तांब्याभर पाण्यात अख्खा माणूस पुसून काढायची, मग पाठीला स्पिरिट, मग पावडर. एकदा मी विचारलं, सारखं काय पाठच बघतेस? ती म्हणाली, "मानसाचं त्वांड समदेच बघत्यात शाले, पाठ बघाया कुनी येत न्हाई."

आता माझं सांगते, कारण दादावर सगळं ढकलून मोकळं होणं मला जमणार नाही. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस यायला हवा होता तेव्हा, माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नोकरी माझी, नवरा नागापूरच्या कारखान्यात. मी काय केलं? दादाला कार्ड टाकलं, आत्याला पाठवून दे. हेच शब्द. आत्या सत्तरीला आली होती, गुडघे धरून एसटीतून उतरली. टँकरची रांग लावायची मी आणि त्या दोन हंड्यांत सासूबाईंना स्वच्छ ठेवायची ती. दसऱ्याच्या सुमारास दादाची तार आली, हो, तेव्हा मात्र तार करता आली. वहिनीचे वडील, अण्णा, पडले होते, आत्याला लगेच पाठवा. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "तुझं दोन दिसात उरकंल, त्यांचं लांबनार हाय." जाताना तिने चाक सासूबाईंसाठी ठेवलं. घट्ट फुगवलं, बूच पिळून बसवलं आणि मला बजावलं, काम झालं की धुऊन, पावडर लावून, हवेसकट टांगून ठेव, रिकामं ठेवलं की रबर आतून चिकटतं. सासूबाई पंधरा दिवसांत गेल्या. मी तिने सांगितलं तसंच केलं.

दिवाळीनंतर अण्णांना उचलताना आत्या दादाच्या मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दादाचं कार्ड आलं, 'आत्याला जरा बरे नाही.' मी नाताळच्या सुट्टीत गेले. आतल्या खोलीत खिडकीशी अण्णांची कॉट होती. आत्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली, सतरंजीवर. मला पाहून ती हसली नाही की रडली नाही. माझ्या पिशवीकडे पाहत तिने विचारलं, "चाक आनलंस?"

मी आणलं नव्हतं. विसरले नव्हते. निघताना खुंटीवरून काढलं होतं. पण फुगलेलं पिशवीत मावेना, आणि ते हातात धरून एसटीत बसायची मला लाज वाटली. रोग्याच्या कमरेखालची वस्तू… मुंबईत काय मिळत नाही, असं म्हणून मी ते परत टांगलं. दादाही नेमकं तेच म्हणाला, "अगं, मुंबईत काय मिळत नाही, उद्याच आणतो." मी आत्याला कुशीवर केलं आणि पाठ पाहिली. काय दिसलं ते लिहिणार नाही. मी दादाला म्हटलं, हिला भिंगारला नेते. तो म्हणाला तिथे प्यायला पाणी नाही, वेडी आहेस का. आणि मी गप्प बसले, कारण सुट्टी संपल्यावर दिवसभर तिच्यापाशी कोण बसणार होतं? आमच्याकडे बोलावून घ्यायला दुसरी आत्या नव्हती. निघताना तिने माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "भोंगा झाला की कुनाला तरी सांग." मी वहिनीला सांगितलं. वहिनी हो म्हणाली. तीन आठवड्यांनी कोपरा फाटलेलं कार्ड आलं.

गेल्या आठवड्यात दादाचं आणखी एक कार्ड आलं. चारही कोपरे शाबूत. अण्णांची पाठ लाल व्हायला लागली आहे. 'रबरी रिंग तुझ्याकडेच असावी. हवा काढून, नीट घडी करून पार्सलने पाठवणे.' आत्या असती तर तिने त्याच दिवशी पाठवलं असतं. मी आत्या नाही. मी नगरच्या बाजारात गेले. पहिल्याच दुकानात रिंग मिळाली. दुकानदाराने दोन दाखवल्या, कोणती हवी म्हणाला… मग मी एक घेतली आणि अण्णांच्या नावाने पाठवली. आत चिठ्ठी ठेवली, दर दोन तासांनी कूस बदला, आणि हवा तुमची तुम्ही भरा.

आत्याचं चाक आमच्या मागच्या खोलीत खुंटीला आहे. शाळेतून आले की मी ते अंगठ्याने दाबून बघते. बूच घट्ट आहे, तरी आठवड्या-आठवड्याने ते मऊ पडत चाललं आहे. परवा नवऱ्याने ते काढलं आणि फुगवून देऊ का म्हणून विचारलं. मी त्याच्या हातातून घेऊन परत टांगलं. आत आहे तो तिचा श्वास आहे, आणि त्यात आमच्यापैकी कुणाचा मिसळायला नको.