नलूला न केलेला फोन

आंजी गावच्या शकुबाईचं म्हणणं कुणी शेवटपर्यंत ऐकूनच घेत नव्हतं.

सासू, आनंदाबाई, तीन वर्षं खाटेवर होती. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं शकुबाईनं केलं. शेवटच्या दोन दिवसांत म्हातारीनं एकच धोशा लावला, नलूला बोलवा. नलू तिची लेक, आर्वीला दिलेली. फोन केला, येतेच आहे, असं शकुबाईनं सांगितलं. नवऱ्यालाही तेच सांगितलं. फोन केलाच नव्हता. नलू आली की चादरीचा वास घेणार, पाठीवरची जखम बघून तोंड वाकडं करणार, वर चहा मागणार. तेवढं नको होतं. म्हातारी दाराकडं बघत गेली. मग नलूला कळवलं, अचानकच झालं.

तेव्हापासून शकुबाईला घास उतरेना.

नवऱ्याला, महादेवरावांना, सांगायला घेतलं, तर डोक्याला ताप करून घेऊ नको म्हणत त्यांनी बातम्यांचा आवाज वाढवला. भजनातल्या बायका म्हणाल्या, तुझ्यासारखी सून गावात नाही. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. सप्ताहाच्या महाराजांचे पाय धरून ती "माझ्या हातून" एवढंच बोलली, तोच त्यांनी तळहातावर पेढा ठेवला. नाम घ्या, सगळं धुऊन निघतं. मागं रांग होती.

जो तो तिला मोकळं करायला निघाला होता. कशातून, ते विचारायची कुणाला फुरसत नव्हती. घरी येऊन तिनं तो पेढा गाईपुढं टाकला.

चौथ्या महिन्यात ती आर्वीच्या एसटीत बसली. नलू ओसरीवर डाळ पाखडत होती. शकुबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानंच सांगितलं.

सूप थांबलं.

"कितीदा विचारलं मायनं?"

"मोजलं नाई, नलूबाई. दोन्ही दिवस. मी म्हणो, बस चुकली असंन."

"मी बोलतो म्हणून नाई बोलावलं मले?"

"हो."

"लय वाईट केलं तू, वहिनी." नलू रडली नाही. "हे माफ नाई होत मले."

"नको करू," शकुबाई म्हणाली. ओसरीच्या कडेला ती खालीच बसली.

मग नलूनं सूप बाजूला सारलं.

"पयल्यापासून सांग. मायनं पयले काय म्हटलं?"

शकुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सोमवारच्या सकाळपासून सुरुवात केली.