हुजूर पक्षाच्या अर्जावर नेव्हिलची सही

यॉर्कशरमधल्या थॉर्नशॉच्या मिल वॉर्डातून नेव्हिल बॅराक्लफ कौन्सिलवर सहा वेळा निवडून आला आणि सातव्यांदा स्वतःच्या हातानं पडला. स्वतःच्या हातानं, हे उगाच म्हटलेलं नाही. विरोधी उमेदवाराच्या अर्जावर दहावी सही त्याचीच होती.

झालं असं. मिल वॉर्ड म्हणजे नेव्हिलच्या मजूर पक्षाचा बालेकिल्ला. तिथं हुजूर पक्षाचा उमेदवार शोधणं म्हणजे खाटकाच्या दुकानात शाकाहारी गिऱ्हाईक शोधणं. त्या मार्चमध्ये हुजूर पक्षाच्या चिटणीसबाईंनी डेस पिकपला गाठलं. डेस निवृत्त बस ड्रायव्हर, नेव्हिलचा शेजारी. दोघांचे भाजीचे वाफे एकाच कुंपणाला लागून. "तुम्ही फक्त नाव द्या," बाई म्हणाल्या. "काही करायचं नाही. निवडून तर तुम्ही येतच नाही, याची मी हमी देते." अशी हमी मिळाल्यावर डेस तयार झाला. अर्जावर वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागत. नऊ जमल्या. दहावी काही केल्या मिळेना, आणि शेवटच्या दिवशी सकाळी डेस कुंपणापाशी येऊन खाली मान घालून उभा राहिला.

"नेव्हिल, एक विचारायचं होतं. नाही म्हणालास तरी चालेल."

"बोल की लेका."

डेसनं कागद पुढे केला. दुसरा कुणी असता तर हसून कांदे लावायला वळला असता. पण नेव्हिलला भलतीच भीती. समोर कुणी उभंच राहिलं नाही, तर तो बिनविरोध येणार, आणि लोक म्हणणार, म्हातारा कुणी लढायला नाही म्हणून आला. हा अपमान त्याला सहन होणारा नव्हता. त्यानं अवजारांच्या खोलीच्या दारावर कागद टेकवला आणि सही ठोकली. वर डेसला मुळ्याची एक जुडीही दिली.

घरी बायकोला सांगितलं, तेव्हा थेल्माच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"तू काय केलंस म्हणालास?"

"अगं, नुसती सही. सभ्यपणा म्हणून."

"तुझ्या या सभ्यपणाला एकदा जत्रेत नेऊन सोड."

थेल्माचा राग समजण्यासारखा होता. बाजारचौकातलं सार्वजनिक शौचालय कौन्सिलनं काटकसर म्हणून बंद केलं, त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून थॉर्नशॉतल्या साठीपुढच्या बायका बाजारात जायच्या ते घड्याळ बघत, आणि चहाला कुणी बोलावलं तर नको म्हणायच्या. नेव्हिलनं या शौचालयासाठी सात वर्षं कागद काळे केले. अखेर जूनमध्ये त्यावर मतदान ठरलं होतं. कौन्सिलमध्ये दोन्ही बाजू इतक्या बरोबरीच्या होत्या, की नेव्हिलचा एक हात वर गेला तर कुलूप निघणार, नाहीतर राहणार. म्हणजे मे महिन्यात त्याला निवडून यायलाच हवं होतं.

एप्रिलभर तो छातीला मजूर पक्षाचं लाल फितीचं फूल लावून दारोदार फिरला. त्याची एक वही होती. मत देणाऱ्यापुढे बरोबरची खूण, न देणाऱ्यापुढे फुली, आणि डळमळीत असेल त्यापुढे टिंब. चोवीस वर्षांत त्या वहीत फुल्या फार थोड्या पडल्या, कारण यॉर्कशरमधला माणूस तोंडावर वाटेल ते बोलेल, पण मत देणार नाही असं दारात आलेल्या उमेदवाराला चहाचा कप देताना बोलणार नाही. "मी नक्की विचार करीन हं, नेव्हिल," असं म्हणाला की समजावं, विचार झालेला आहे. नेव्हिल मात्र तिथं बरोबरची खूण करायचा.

त्या वर्षी मात्र लोकांनी खुलासाही केला. "तुझ्याविरुद्ध आमचं काही नाही, बाबा," मिल लेनवरचा सुतार म्हणाला. "बसथांब्याला छप्पर तूच घातलंस. पण पेट्रोल केवढ्याला झालंय बघ. लंडनमधल्या तुमच्या सरकारला एकदा हिसका दाखवलाच पाहिजे."

"अरे, पण पेट्रोलचा भाव मी ठरवत नाही. माझ्याकडे कचऱ्याचे डबे आहेत."

"ते उत्तमच आहेत. डब्यांबद्दल तक्रार नाही."

"मग मला कशाला पाडतोस?"

"तू कसला पडतोस! तू येणारच. आम्ही आपलं नुसतं दाखवून देतो."

वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही रीत नेव्हिलला ठाऊक नव्हती असं नाही. वीस वर्षांपूर्वी हुजूर पक्षाचे लोक लंडनच्या पापांसाठी असेच पडत होते, आणि तेव्हा त्याला ती फार न्याय्य वाटली होती.

मतदानाच्या दिवशी त्यानं नेहमीप्रमाणे म्हाताऱ्यांना आपल्या गाडीतून केंद्रावर नेलं. सगळ्यात शेवटी आयव्ही क्लेग. वय एकोणनव्वद, हातात काठी, पर्समध्ये पेपरमिंट. परत येताना तिनं त्याला एक पेपरमिंट दिली.

"नेव्हिल बाळा, तुझ्यासारखा माणूस नाही बघ. तुझी आई असती तर धन्य झाली असती."

असं विचारू नये हा शिष्टाचार. पण नेव्हिल थकला होता, त्याच्या तोंडून निघून गेलं, "मग आयव्ही, दिलंत ना मत?"

"दिलं की. निळ्याला, हुजूरवाल्यांना. नेहमी देते तसं."

गाडी जरा वाकडी गेली. "नेहमी? पण चोवीस वर्षं तुम्हाला मी घेऊन जातो!"

"त्यांची गाडी येतच नाही रे," आयव्ही म्हणाली. "आणि तू कधी विचारलंही नाहीस. पुढं तो खड्डा आहे, सांभाळ. तोही बुजवायचाय तुला."

त्यानं तिला दारापर्यंत सोडलं, तिची पिशवीही आत नेऊन ठेवली. मग गाडीत बसून वही उघडली आणि आयव्हीच्या नावापुढची बरोबरची खूण खोडली. बाकीच्या खुणांकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मोजणी झाली. शेजारी पोहण्याचा तलाव, त्यामुळे लोकशाहीला क्लोरीनचा वास होता. डेस लग्नात घातलेला कोट घालून आला होता आणि चेहरा पांढराफटक. दोनदा मोजलं, दोनदा तेच. बॅराक्लफ सहाशे अकरा, पिकप सहाशे अकरा. बाजूला काढून ठेवलेलं एक मत उरलं.

निवडणूक अधिकारी ऑलड्रॉइडबाईंनी दोघांना टेबलापाशी बोलावलं. मतपत्रिकेवर पिकपच्या नावापुढे मताची स्वच्छ फुली होती, आणि बॅराक्लफच्या नावापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'माफ कर, नेव्हिल.'

"मत कुणाला आहे ते स्पष्ट आहे," बाई म्हणाल्या. "प्रश्न एवढाच, की या मजकुरावरून मतदार ओळखू येतो का. ओळखू आला तर हे मत बाद. मग बरोबरी, आणि आपल्याला चिठ्ठ्या टाकाव्या लागतील. मिस्टर पिकप?"

"मला काही ओळखू येत नाही," डेस काकुळतीला येऊन म्हणाला, "पण बाद करा ना! माझी अजिबात हरकत नाही!"

"मिस्टर बॅराक्लफ? हे अक्षर तुमच्या ओळखीचं आहे?"

नेव्हिलनं कागदाकडे पाहिलं. 'कर' शब्दानंतरचा तो लांब शेपटीचा स्वल्पविराम एकाच माणसाच्या हातचा होता. एकेचाळीस वर्षं तो स्वल्पविराम फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमध्ये, वाढदिवसाच्या कार्डांवर आणि वाण्याच्या यादीत त्यानं बघितला होता.

नुसतं हो म्हणायचं होतं. चिठ्ठीत निम्मी संधी होती. ज्यासाठी सात वर्षं भांडला ते शौचालय होतं. पण हो म्हटलं की ऑलड्रॉइडबाई विचारणार, कुणाचं? आणि दुपारपर्यंत सगळं थॉर्नशॉ म्हणणार, बॅराक्लफला त्याच्या बायकोनंसुद्धा मत दिलं नाही. थेल्माला बाजारात मान वर करून चालता आलं नसतं. त्याला वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिनं असं का केलं असेल, हे विचारायची गरजच पडली नाही.

"नाही," तो म्हणाला. "ओळखीचं नाही. मत वैध आहे."

निकाल ऐकून डेस मटकन खाली बसला. "नेव्हिल, अरे, आता मी काय करू?"

"जूनमध्ये शौचालयाचा विषय येईल. हात वर कर."

"आमचा पक्ष विरोधात आहे."

"पक्षानं तुला सही दिली होती का?"

डेसनं नकारार्थी मान हलवली. "तुझी शपथ, दोन्ही हात वर करतो."

घरी थेल्मा दारातच उभी होती. "कितीनं आलास?"

"पडलो."

"पडलास? कितीनं?"

"एका मतानं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "मला वाटलं, तू तीनशेनं येशील. सगळे म्हणत होते, येणारच. मला नुसतं एकदा दाखवून द्यायचं होतं..." तिनं वर पाहिलं. "नेव्हिल, त्या लोकांनी तुला काही विचारलं का? एखाद्या मतपत्रिकेबद्दल?"

"विचारलं. अक्षर ओळखीचं आहे का म्हणून."

"मग?"

"नाही म्हटलं."

"खोटं बोललास?"

"काउन्सिलर म्हणून शेवटचं."

थेल्मा रडायला लागली आणि मध्येच हसायलाही. तेवढ्यात फोन वाजला. कुणाचा तरी कचरा उचलला गेला नव्हता. तिनंच फोन घेतला, नाक पुसलं, "काउन्सिलर आता पलीकडच्या घरात राहतात," असं सांगितलं आणि फोन ठेवला. मग तिनं मटणाचा स्ट्यू वाढला. नेव्हिल टेबलाशी बसला, ती समोर बसली. त्यानं मोठा घास घेतला आणि जीभ चांगलीच पोळून घेतली. बैठकांवरून उशिरा येऊन झाकून ठेवलेलं गार अन्न खायची चोवीस वर्षांची सवय, फुंकर मारायची असते हे तो विसरूनच गेला होता.

"हळू," थेल्मा म्हणाली. "कुठं जायचंय तुला?"