कणकेच्या दोन मुठी

माझी सून ठाण्याची, घरात मराठीच बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातली. लग्नानंतरचा तिचा पहिला पेसाखचा सण आमच्या टेंभुर्णीच्या घरात होणार होता. सणाचे आठ दिवस घरात खमीर नको, म्हणून तिनं दोन दिवस स्वयंपाकघर घासलं, नवं पातेलं आणलं, पाव-बिस्किटं वाटून टाकली आणि कणकेचा डबाही धान्याच्या खोलीत नेऊन ठेवला. एवढं तर आम्ही दिवाळीलाही करत नाही, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं.

सणाच्या दुपारी तिनं मात्झा, म्हणजे त्यांची बिनखमिराची कडक भाकरी, मिक्सरमधून काढली. त्यात अंडी, तेल, पाणी घालून कालवलं. याचे गोळे भाज्यांच्या सूपमध्ये शिजवायचे होते. "अर्धा तास भिजू दे," म्हणून ती अंघोळीला गेली. मी झाकण उचललं, तर आत पळीवाढं पीठ! चाळीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला हे कसं बघवेल? आपल्या पोळीत कुठलं आलंय खमीर, म्हणत मी धान्याच्या खोलीतून आणून कणकेच्या दोन मुठी टाकल्या आणि छान मळून ठेवलं.

गोळे असे सुबक झाले की विचारू नका. "आई, माझ्या आईलासुद्धा असे जमत नाहीत!" सुनेनं लगेच माहेरी फोटो पाठवला. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

मग मी सहज विचारलं, ही भाकरी एवढी कडक का?

"पिठाला पाणी लागलं की अठरा मिनिटांत भाजून व्हायला हवं. उशीर झाला की ते खमीरच. म्हणून तर कणीक हलवली ना."

आणि मी तर त्यात कणीक मळून ठेवली होती! गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? फोटोही गेलेला. पण संध्याकाळी ती स्वतःसाठी वाटी भरू लागली आणि मी तिचा हात धरला.

"खाऊ नको, बाई. मी त्यात कणीक घातली. मला वाटलं, तुझं बिघडून राह्यलंय."

तिचे डोळे भरले आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

नव्या पातेल्यालाही खमीर लागलेलं, म्हणून मुलगा दुसरं पातेलं आणायला जाफराबादला पळाला. ते गोळे माझ्या नवऱ्यानं अंगणात बसून मिटक्या मारत संपवले आणि वर विचारलं, "उद्या बी हायेत का?"

सून पुन्हा कालवायला बसली. मी दारातच उभी राहिले, आत जायचा धीर होईना.

"तुम्ही बोलला नसता तर मला कळलंसुद्धा नसतं," ती म्हणाली.

"त्याचंच तर भेव वाटलं मला."

ती जराशी सरकली आणि भांडं माझ्यापुढं केलं.