झोंबींना सोडून आयांवर चिडणाऱ्या यमूमावशी

पडद्यावर झोंबी आले की लोक झोंबींना घाबरतात. आमच्या यमूमावशी मात्र सिनेमातल्या आईबापांवर भडकायच्या.

पुसदला त्यांच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून. नवरा लवकर गेला. साड्यांना फॉल लावून त्यांनी एकुलत्या एका रंजूला वाढवलं. रंजूला असल्या सिनेमांचा भारी नाद. रविवारी दुपारी ती टीव्ही लावायची, मी शेंगा घेऊन जायचो आणि मावशी मांडीवर कुणाचीतरी साडी घेऊन बसायच्या. सिनेमे बहुतेक टुकार असत. मी जायचो ते मावशींना ऐकायला.

सिनेमातला बाप पोरीला घेऊन पळत सुटला की मावशी सुरू. "पाय याले! भर उन्हात पोट्टीले पयवून राह्यला. डोक्याले दुपट्टा नाही, खिशात कांदा नाही. झोंबी राहू दे बाजूले, लू लागूनच मरन थे!" उन्हाळ्यात लेकराच्या खिशात कांदा न घालणारा माणूस त्यांच्या लेखी बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचाच नव्हता. एखादा "इथंच थांब, आलोच" म्हणत लेकराला गाडीत ठेवून निघाला की त्या हातातली सुई त्याच्यावर रोखायच्या. "गेला भैताड! लेकराले असं एकटं टाकून कोणता शहाणा जाते?"

आता या बाई स्वतः कोण? तर रंजूच्या कॉलेजची सहल निघाली तेव्हा बसच्या मागे ऑटो लावून पार दिग्रसपर्यंत गेलेल्या! पोरीला मैत्रिणींत मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी काय बसमधी चढली काय? रस्ता काय कोणाच्या बापाचा हाय?" हे वर. लेकीला जपणं वेगळं आणि तिच्या मानगुटीवर बसणं वेगळं, हे बाईंना कोण सांगणार? माझी तर छाती नव्हती.

पुढे रंजूला झरी जामणीकडच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. मावशींनी गल्लीभर जाहीर केलं, "जंगलात धाडू काय मी तिले? पुसदचे दवाखाने काय बंद पडले?" रंजूही त्यांचीच लेक, हटून बसली. रुजू व्हायचा दिवस जवळ आला आणि मायलेकींचं बोलणं बंद झालं.

टीव्ही मात्र त्या रविवारीही लागला. सिनेमातल्या आईच्या मनगटाला झोंबी चावला होता. तिनं लेकीला अनोळखी माणसांच्या ट्रकमध्ये चढवलं, फाळका बाहेरून लावला आणि स्वतः खालीच राहिली. मावशींनी साडी बाजूला फेकली. "लोकाईच्या हवाली केली पोरगी! माय हाय का कोण हाय थे?"

रंजू पडद्याकडेच बघत म्हणाली, "आई, तिले चावलं होतं. थे सोबत गेली असती तं पोरीले तिनंच खाल्लं असतं."

मी शेंग फोडायचा थांबलो. मावशींनी साडी गोळा केली. त्या उठून आत गेल्या आणि चहासुद्धा विचारला नाही.

रंजूला सोडायला मी बसस्टँडवर गेलो तर मावशी तिच्याआधी यवतमाळमार्गे जाणाऱ्या बसमध्ये चढून बसलेल्या. मांडीवर स्वतःची भरलेली बॅग. "जेवणाची सोय तं लावून देतो," असं त्यांनी मला खिडकीतून सुनावलं. रंजू शेजारी बसली. माझा संताप संताप झाला. सोडेल ती बाई कसली!

कंडक्टर आला. "दोन लेडीज का, मावशी?"

मावशींनी रंजूकडे पाहिलं. रंजू खाली मान घालून बसली होती.

"एकच," त्या म्हणाल्या. "मी कायले जाऊ? मले इथं काय कामं नाही?"

बॅग छातीशी धरून त्या खाली उतरल्या, बाहेरून दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरवर ओरडल्या, "ने ना आता! कोणाची वाट पाहून राह्यला?"